जिमनीला मोठे टायर: दुकानात जाण्याआधी टेप काढा

दुकानात जायचं, डोळ्यात भरेल तो टायर बसवायचा. तो घासतो म्हणून रिम बदलायची. रिम बाहेर आली म्हणून मडगार्डला फ्लेअर, म्हणजे त्याची कड रुंद करणाऱ्या पट्ट्या, लावायचे. तरी घासतो म्हणून सस्पेन्शन उचलायचं, आणि उचलल्यावर ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागलं की पुन्हा दुकानाची पायरी चढायची. ऑफरोडची हौस असलेल्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी ही वरात काढली आहे. मीही काढली आहे. पैसे प्रत्येक थांब्यावर जातात, आणि चूक पहिल्याच थांब्यावर झालेली असते: खरेदी आधी, मोजमाप नंतर.

खालचे सगळे आकडे मारुती सुझुकी जिमनीचे आहेत. थार किंवा गुरखा असेल तर आकडे तुमच्या गाडीचे घाला. क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: गाडीची कुंडली कागदावर मांडा

वही घ्या आणि या गोष्टी लिहून काढा. फोनमध्ये नको, कागदावरच. दुकानात तोच कागद समोर ठेवायचा आहे.

- मूळ टायर: १९५/८० आर १५
- मूळ रिम: १५ इंची, ५.५ जे (म्हणजे ५.५ इंच) रुंद
- ऑफसेट: ईटी ५
- पीसीडी, म्हणजे नटांची भोकं किती आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास: ५ × १३९.७ मिमी
- मधल्या भोकाचा व्यास: १०८ मिमी
- स्टड-नट: १२ मिमी, १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये), निमुळत्या बैठकीचे
- टायरवरचा भार निर्देशांक आणि वेगाचं अक्षर
- ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा हवेचा आकडा

ऑफसेट म्हणजे काय, हे इथेच समजून घ्या, पुढचा अर्धा लेख त्यावर उभा आहे. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जिथे टेकते ती बाजू, यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ‘ईटी’ असा लिहितात. ईटी ५ म्हणजे टेकणारी बाजू मध्यापासून ५ मिमी बाहेरच्या अंगाला. हा आकडा कमी होत गेला, शून्याखाली गेला, की चाक गाडीबाहेर सरकतं. वाढला की आत जातं.

तपासा: गाडी दुसऱ्या हातची असेल तर वरच्या आकड्यांवर विसंबू नका. आधीच्या मालकाने रिम बदलली असू शकते. चाक काढा, रिमच्या मागची बाजू पुसा. रुंदी आणि ईटी तिथे कोरलेली असते.

## टप्पा २: गाडी खरंच कुठे चालते?

गेल्या सहा महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली ते आठवा. पुढच्या सहा महिन्यांत कुठे न्यायची स्वप्नं आहेत ते नव्हे.

आठवड्याचे पाच दिवस ऑफिस, महिन्यातून दोनदा ताम्हिणी किंवा वरंधा, पावसाळ्यात एखादा शेतरस्ता, असं असेल तर एटी, म्हणजे ऑल-टेरेन नक्षीचा टायर घ्या. एमटी, म्हणजे चिखलाचा टायर, दिसतो झकास. पण त्याचे मोठे सुटे ठोकळे ओल्या डांबरावर पुरेसे टेकत नाहीत, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर खाते, आणि मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचा घूं आवाज दोन तास कानात राहतो. घाटातल्या ओल्या वळणावर मला एमटी नको आहे. हे माझं मत, पण ठाम मत.

एमटीची खरी गरज काळ्या मातीत. पावसात ही माती एटीच्या खाचांत भरते आणि चार फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत लाडू होतो. एमटीच्या रुंद खाचा ती माती फिरता फिरता बाहेर फेकतात. मराठवाड्यात किंवा विदर्भात शेतीच्या कामाला गाडी वापरणाऱ्याने एमटीचा विचार जरूर करावा. कोकणातल्या जांभ्यावर आणि सह्याद्रीतल्या धारदार दगडांवर नक्षीपेक्षा टायरची बाजूची भिंत महत्त्वाची. तिथे पंक्चर तळाला कमी होतं, बाजू जास्त फाटते, आणि फाटलेल्या बाजूला पंक्चरवाला काही करू शकत नाही.

## टप्पा ३: आकाराचा हिशेब

१९५/८० आर १५ यात १९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १५ म्हणजे रिमचे इंच. व्यास काढायचा तर भिंतीची दुप्पट अधिक रिम:

- १९५/८० आर १५: १५६ + १५६ + ३८१ = ६९३ मिमी
- २१५/७५ आर १५: ७०३.५ मिमी
- २३५/७५ आर १५: ७३३.५ मिमी

आता पहिला भ्रम काढा. व्यास ४० मिमी वाढला म्हणून गाडी ४० मिमी उंच होत नाही. ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे निम्मी वाढ वर जाते, निम्मी खाली. २३५/७५ ने ॲक्सलखालची उंची सुमारे २० मिमी वाढते. २१५/७५ ने जेमतेम ५ मिमी. मग २१५ घ्यायचा कशाला? रुंद पकड, एटीची नक्षी आणि जास्त भार पेलणारी भिंत यांसाठी. उंचीसाठी नव्हे.

दुसरा हिशेब गिअरचा. २३५/७५ चा घेर मूळ टायरपेक्षा सुमारे ५.८ टक्के जास्त. म्हणजे सगळे गिअर तेवढे लांब झाले आणि चाकाशी पोचणारा जोर साधारण साडेपाच टक्के घटला. जिमनीचं दीड लिटरचं इंजिन १३४ न्यूटन मीटरचं. त्याच्याकडे उधळायला फार नाही. चार माणसं, सामान आणि एसी चालू असताना घाट चढताना हे कळतं, चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तर फारच. जिथे तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा मागते.

तिसरा हिशेब काट्याचा. २३५/७५ लावल्यावर काटा ८० दाखवत असताना गाडी जुन्या मानाने ८४.७ ने जात असते. ओडोमीटरही कमी मोजतं: त्यावर १०,००० किमी भरले तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १०,५८० झालेले असतात. सर्व्हिसची तारीख त्या मानाने अलीकडे घ्या. ‘टायर बदलले आणि ॲव्हरेज पडलं’ ही ओरड करण्याआधीही हा गुणाकार करून पाहा. पडतं ते खरंच, पण वाटतं तितकं नाही.

थांबा: जे इंचांतले आकार मिळतात, उदाहरणार्थ ३० × ९.५ आर १५, तिथे पहिला आकडा थेट व्यास आहे. ३० इंच म्हणजे ७६२ मिमी, मूळ चाकापेक्षा जवळजवळ ७ सेंमी जास्त. ‘फक्त एकच नंबर मोठा’ असं कोणी म्हणालं तर टेप दाखवा.

माझा कल स्पष्ट सांगतो. बहुतेकांना २१५/७५ आर १५ एटी, मूळ रिमवर, पुरेसा आहे. सस्पेन्शनला हात लावावा लागत नाही, गिअर बिघडत नाहीत, घेरातला फरक दीड टक्का. २३५ कडे जायचं तर टप्पा ४ मधला खर्च आणि कटकट आधी मान्य करा.

## टप्पा ४: रिम

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

रुंदी. प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमची किमान आणि कमाल रुंदी ठरलेली असते. टायर कंपनीच्या तक्त्यात ती मिळते. २१५/७५ आर १५ ला ५.५ जे चालते, पण अगदी खालच्या टोकाला. २३५/७५ आर १५ ला किमान ६ जे लागते. तरीही मूळ ५.५ च्या रिमवर २३५ चढवून देणारी दुकानं आहेत, आणि टायर चढतोही. मात्र अरुंद रिमवर तो चिमटल्यासारखा मधोमध फुगतो, मधली नक्षी आधी झिजते, आणि वळणावर गाडी टायरच्या भिंतीवर डुलते.

माझ्या गाडीला पहिला संच असाच बसवला होता. सपाट रस्त्यावर सगळं छान. वरंध्याच्या पहिल्याच अरुंद वळणावर, पूर्ण स्टेअरिंग मारल्यावर, खालून खर्रर्र. बघतो तर टायरच्या आतल्या बाजूला पुढच्या ॲक्सलच्या आर्मने चकचकीत पट्टा पाडलेला.

ऑफसेट. तो आर्म का लागला, याचं साधं गणित आहे. टायर आतल्या बाजूला किती सरकला? रुंदीतल्या फरकाचा निम्मा, अधिक नवा ईटी वजा जुना ईटी. बाहेर किती? तोच निम्मा, अधिक जुना ईटी वजा नवा ईटी.

- २१५, मूळ रिम (ईटी ५): आत १० मिमी, बाहेर १० मिमी
- २३५, मूळ रिम (ईटी ५): आत २०, बाहेर २०
- २३५, ईटी ० ची रिम: आत १५, बाहेर २५
- २३५, ईटी उणे १० ची रिम: आत ५, बाहेर ३५

जिमनीत पुढचा ॲक्सल सलग आहे आणि त्याला धरणारे आर्म चाकाच्या अगदी जवळून मागे जातात. त्यामुळे अडचण आतल्या बाजूला आहे आणि २३५ ला शून्य किंवा थोडी उणे ईटी लागते. पण उणे किती, याला मर्यादा आहे. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर ताण, दगडावर चाक आदळलं की स्टेअरिंगला हिसका, आणि मागच्या गाडीच्या काचेवर चिखलाचा सडा. उणे १० च्या पलीकडे मी जाणार नाही.

टायरवर छापलेली रुंदी नाममात्र असते हेही ध्यानात ठेवा. त्याच आकारात एमटीचे खांद्यावरचे ठोकळे एटीपेक्षा बाहेर आलेले असतात, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायरही साधारण ५ मिमी पसरतो. वरच्या हिशेबात तेवढी ढील ठेवा.

भोकं जुळली म्हणजे रिम जुळली नाही. ५ × १३९.७ हा पीसीडी जिप्सीचाही आहे आणि जुन्या जीपचाही. भंगार बाजारातली जीपची रिम जिमनीच्या स्टडवर जाईलही. पण मधलं भोक १०८ पेक्षा मोठं असेल तर रिम हबवर न बसता नुसत्या नटांवर लटकते, आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. नटांची बैठकही पाहा. निमुळत्या बैठकीच्या रिमला सपाट किंवा गोल बैठकीचा नट आवळला तर तो आवळल्यासारखा वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो.

स्पेसर. स्वस्तात ऑफसेट बदलायला चकती घालतात. नुसती सरकवायची ॲल्युमिनियमची चकती तर नकोच. तिच्यामुळे नटाला पकडायला स्टडचे आटे कमी उरतात. पैसे वाचवायचे असतील तर टायर लहान घ्या.

लोखंडी की अलॉय? दगडावर आदळून लोखंडी रिम वाकते, अलॉय तडकते. वाकलेली गावातही ठोकून घरी येण्यापुरती करता येते. जिमनीच्या झीटा प्रकारात लोखंडी रिमच येते. ती काढून चकचकीत नकली अलॉय लावणारे पाहिले की जीव हळहळतो. अलॉय घ्यायचीच तर भारक्षमता कोरलेली नसेल ती उचलू नका. आणि सोळा-सतरा इंचांच्या मोहात पडू नका: रिम वाढली की भिंत आखूड होते, आणि खडकावर धक्का खायला तीच भिंत हवी असते.

तपासा: कागदावर आता टायरचा आकार, रिमची रुंदी, ईटी, पीसीडी, मधलं भोक आणि नटाचा प्रकार असे सहा आकडे झाले का? एकही रिकामा असेल तर पैसे खिशातच ठेवा.

## टप्पा ५: विमा आणि कायदा, पैसे मोजण्याआधी

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. व्यवहारात पोलिसाच्या किंवा आरटीओच्या डोळ्यात आधी भरतं ते बॉडीबाहेर आलेलं चाक. तेव्हा कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या आकारांच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्वेअर टायरवरचा आकडा वाचतो, तेव्हा ‘एजंटला तोंडी सांगितलं होतं’ याला किंमत नसते.

## टप्पा ६: टायर विकत घेताना

चार नव्हे, पाच घ्या. ही सूचना पैशांमुळे सगळ्यांत जास्त डावलली जाते. जिमनीची फोर-व्हील यंत्रणा हाताने घालायची आहे आणि तिच्यात मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नाही. ४एच, म्हणजे नेहमीच्या वेगाची फोर-व्हील, टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. तीन चाकं ७३३ मिमीची आणि एक जुनी ६९३ ची स्टेपनी अशी जोडी कडक रस्त्यावर ४एच मध्ये चालवली तर यंत्रणा आतल्या आत पिळली जाते. टू-व्हीलमध्येही, लहान चाक मागे असेल तर मागचा डिफरन्शिअल सतत फिरत राहतो आणि एबीएसला एक चाक वेगळ्याच वेगाचं दिसतं.

स्टेपनी मागच्या दाराला लटकते हे विसरू नका. जुनं चाक रिमसकट वजनकाट्यावर ठेवा, मग नवं ठेवा. फरक सहा-सात किलोंचा निघाला तर दाराच्या बिजागऱ्या रोज तेवढं जास्त सोसणार. स्टेपनी बंपरला टेकते का, नंबर प्लेट, दिवा किंवा मागचा कॅमेरा झाकते का, हेही दुकानातच पाहा.

टायर हातात आला की भिंतीवर तीन गोष्टी वाचा:

- भार निर्देशांक मूळपेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १०५ म्हणजे ९२५.
- आकाराच्या आधी ‘एलटी’ आहे का? ही ट्रकच्या धाटणीची जाड बांधणी. जिमनी साधारण बाराशे किलोची गाडी. तिला एलटी टायर दगडासारखा लागतो आणि वजनानेही जड असतो. रोज खडकात जाणाऱ्यालाच तो शोभतो.
- चार आकडी तारीख. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरच्या तारखा जवळपासच्या हव्यात.

## टप्पा ७: आधी दोनच बसवा आणि घासून बघा

दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा: पुढची दोन चाकं बसवून इथेच तपासणार, लागलं तर परत. रस्त्यावर चाललेला टायर कोणी परत घेत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

शाडूच्या मातीचे छोटे गोळे करून चिकटवा: मडगार्डच्या आतल्या पत्र्याला, बंपरच्या मागच्या कोपऱ्याला, मडफ्लॅपच्या वर आणि ॲक्सलच्या आर्मवर. गणपतीतली उरलेली शाडू चालते, कणीकही चालते. मग या क्रमाने:

१. गाडी उभी, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे.
२. पूर्ण स्टेअरिंग मारून हळू पुढे, मग हळू मागे. मागे घेताना चाक किंचित वेगळ्या जागी बसतं, आणि पुढे न घासणारा टायर मागे घासतो. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.
३. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मजबूत लाकडी ठोकळ्यांवर चढवा, म्हणजे सस्पेन्शन तिरकं दाबलं जाईल. एकाला बाहेर उभं करून पुन्हा पूर्ण स्टेअरिंग. मग दुसरी तिरकी जोडी.
४. तेच मागे दोन माणसं बसवून.

आता गोळे मोजा. १० मिमीपेक्षा जास्त माती उरली तर निर्धास्त. कमी उरली तर चिखल आणि खडे अडकले की घासणार. पूर्ण चेपली असेल तर कुठे, ते पाहा. मडफ्लॅप किंवा प्लास्टिक असेल तर ते हलवता किंवा कापता येतं. आर्म असेल तर ऑफसेट चुकला. ब्रेकच्या नळीच्या जवळपास जरी माती दबली असेल तर तो टायर त्या गाडीचा नाही.

थांबा: ‘दोन इंच उचलू, मग लागणार नाही’ हे उत्तर इथे हमखास मिळतं. उचलल्याने वरचा पत्रा दूर जातो. आर्म तिथेच राहतो. शिवाय सलग ॲक्सलची गाडी उचलली की कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) बदलतो, ॲक्सलला मधोमध धरणारा आडवा पॅनहार्ड रॉड त्याला एका अंगाला ओढतो, ब्रेकच्या नळ्या ताणतात. त्या तिन्हींची दुरुस्ती खर्चात धरली नसेल तर स्प्रिंगला हात लावू नका.

## टप्पा ८: बसवणी

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर रिम पूर्ण टेकत नाही. नट हाताने फिरवून लावा, मग चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक, आवळा. हवेच्या बंदुकीने शेवटचा आवळ देऊ देऊ नका. टॉर्क पान्हा मागा. जिमनीसाठी १०० न्यूटन मीटर. दुकानात टॉर्क पान्हा नसेल तर दुकान बदला.

पाचही चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. अलाइनमेंटमध्ये पुढचा टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत, ते तपासा. जिमनीत थरथर ही जुनी ओळखीची तक्रार आहे: मोठं, जड चाक आलं की जुन्या बुशांतली, किंगपिनच्या (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ) बेअरिंगांतली आणि स्टेअरिंगचे हिसके शोषणाऱ्या डॅम्परमधली ढील उघडी पडते. तेव्हा आधी हे तिन्ही तपासा, मग टायरला दोष द्या.

## टप्पा ९: हवा आणि पहिले पाचशे किलोमीटर

दुकानातला मुलगा सवयीने ३५ पीएसआय हवा भरतो. हलक्या गाडीच्या रुंद टायरला ते फार झालं. दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि खडू घ्या. नक्षीवर आडवी पांढरी रेघ मारा, सपाट डांबरावर सरळ शंभर मीटर जा. रेघ मधोमध पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर हाच तुमचा आकडा. वहीत लिहा. टायर एलटी असेल तर त्याच भाराला हवा थोडी जास्त लागते.

चिखलात किंवा वाळूत १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरता येतं, पण गाडीत कंप्रेसर असेल तरच. तेवढ्या हवेवर डांबरी रस्त्याने घरी यायचं नाही. आणि पंधराच्या खाली, वळण घेताना, टायरची कड रिमवरून सुटू शकते.

फोनवरच्या जीपीएसने सरळ रस्त्यावर ४०, ६० आणि ८० ला काटा ताडून घ्या आणि फरकाची चिठ्ठी डॅशबोर्डला चिकटवा. मूळ काटे बहुधा थोडे जास्तच दाखवतात, त्यामुळे २१५ लावल्यावर काटा उलट खऱ्याच्या जवळ येतो. २३५ लावल्यावर तो कमी दाखवतोय का, ते पाहायचं.

शंभर किलोमीटरला नट पुन्हा १०० वर आवळा. पाचशेला चारही चाकांच्या आतल्या भिंतीवर हात फिरवा, गाडीखाली आडवं होऊन. चकचकीत पट्टा किंवा रबराचा चुरा हाताला लागला तर पुन्हा टप्पा ७. दर आठ हजारांना फिरवाफिरव करताना पाचवं चाकही चक्रात घ्या, म्हणजे स्टेपनी नवी कोरी आणि बाकीची झिजलेली, असा घोळ होणार नाही.